त्र्याऐंशीव्या पानावरची विहीर

मी, भावकू मष्णू चिंचहोळकर, वय वर्षं अडुसष्ट, धंदा पूर्वी मराठी शाळेत मास्तरकी व हल्ली खोकला, राहणार मौजे चिंचहोळ, तालुका व जिल्हा बेळगाव, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणाला शंका असेल त्याने मला एकोणतीसचा पाढा विचारावा, मग मी त्याला विचारीन. माझ्यावर कुणाचं दडपणही नाही, कारण दडपण आणण्याइतका वेळ माझ्यापाशी हल्ली कुणी बसत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एक कादंबरी मात्र केली, आणि पुढची बहुतेक कलमं तिच्यामुळेच लिहावी लागत आहेत.

कलम १. गावठाणातलं चार खणांचं कौलारू घर माझ्या पश्चात पत्नी लक्ष्मीबाई हिचं. खरं तर ते आजही तिचंच आहे, मी तिथं चाळीस वर्षं जेवायला आणि झोपायला असतो. तिच्यानंतर घर मुलगी मालूला, जी खानापूरला दिली आहे. पुतण्या भरमा याने आशा सोडावी. भरमा बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात कामाला आहे, दर अमावास्येला मोटारसायकलवरून येतो, "तात्या, कसं हाय आता?" म्हणून विचारतो आणि जाताना पडवी पावलांनी मोजतो. त्याला माझी छत्री द्यावी. तिची एक काडी मोडली आहे, ती त्याने स्वतः बसवून घ्यावी.

कलम २. कादंबरीविषयी. मी जन्मलो, शिकलो, शिकवलं ते सगळं चिंचहोळात, म्हणून कादंबरीही चिंचहोळावरच लिहिली आणि नावही 'चिंचहोळ' असंच ठेवलं. कोल्हापूरच्या एका प्रकाशकाने ती वाचून मला बोलावून घेतलं. म्हणाले, "मास्तर, सीमाभागातली कादंबरी आणि लाठीमार नाही? एखादा मोर्चा तरी घाला." मी म्हटलं, आमच्या गावात काठी फक्त म्हशीला मारतात. त्यावर ते म्हणाले, मग गाव जरा अलीकडे आणा, पंचगंगेच्या काठावर, वाचकाला ओळखीचं वाटेल. मी नाही म्हटलं. भांडण मिटलं ते असं, की गाव माझं राहिलं आणि नाव त्यांनी दिलं. १९७४ साली 'रक्तरंजित बांध' या नावाने पुस्तक निघालं. दोनशे बारा पानांत एक रेडकू सोडलं तर कुणी मरत नाही.

या पुस्तकाचे सगळे हक्क लक्ष्मीबाईला. तिला वाचता येत नाही, म्हणून मी तिला पूर्ण कादंबरी वाचून दाखवली होती. ती शेवटपर्यंत ऐकत बसली आणि एवढंच म्हणाली, "अवो, हीर चुकली की वो. रुक्माबाईची हीर बांधाच्या अल्याड हाय, तुम्ही पल्याड नेलासा." रुक्माबाई ही आमच्याच गावची विधवा शेतकरीण, तिच्या विहिरीचं पुढं येईलच. मी लक्ष्मीबाईला सांगितलं, तुला साहित्यातलं काय कळतं. हे वाक्य मी या कागदावर परत घेत आहे, कारण तोंडावर घेण्याची माझी हिंमत नाही.

कलम ३. पुस्तकात जे आले ते माझ्यावर रागावले आणि जे आले नाहीत ते जास्त रागावले. गावचे प्रमुख पंच भीमाप्पा पाटील या दुसऱ्या, न आलेल्यांच्या गटातले. त्यांनी माझा सत्कार घडवून आणला, श्रीफळ दिलं, शाल दिली आणि सव्वा तास स्वतःच्या कुस्तीवर बोलले. शेवटी म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत ती कुस्ती घ्या, मास्तर." पुढची आवृत्ती निघाली नाही. ती शाल त्यांना परत द्यावी. धुऊन द्यावी, कारण थंडीत ती मांजर वापरतं. असं असूनही साक्षीला मी त्यांनाच बोलावलं आहे, कारण त्यांची सही सुंदर येते आणि करायला त्यांना आवडते.

कलम ४. माझं शब्दकोशांचं कपाट, टेबल आणि लिहायचे कोरे कागद माझा विद्यार्थी कृष्णात कांबळे याला. कृष्णात आज निपाणीच्या शाळेत शिक्षक आहे आणि आपल्या वस्तीविषयी कादंबरी लिहितो आहे. माझं पुस्तक आलं तेव्हा तो कॉलेजात होता. वाचून सरळ घरी आला. म्हणाला, "सर, तिसऱ्या प्रकरणात तुम्ही लिहिलंय, दूरवर वस्तीतून धूर निघत होता. त्या धुराखाली आम्ही हुतो. दोनशे पानांत आमचा निस्ता धूर?" मी त्याला चहा दिला आणि वास्तववादावर अर्धा तास बोललो. तो चहा पिऊन गेला. कृष्णात, तू तुझं गाव खुशाल लिही, नावासकट लिही, माणसं बोलतात तशी बोलू दे. फक्त एक लक्षात ठेव बाबा. गावाचं नाव खरं ठेवलंस तर आतली विहीर हलवू नकोस, आणि विहीर हलवायचीच असेल तर आधी गावाचं नाव बदल. हे मला ज्या दिवशी कळायला हवं होतं त्या दिवशी मी सूर्यास्त लिहीत होतो.

कलम ५. आता त्या विहिरीबद्दल. हे कलम टाळण्यासाठीच मी छत्री, शाल आणि मांजर आधी आणलं.

रुक्माबाई आणि तिचा थोरला दीर रवळू यांच्या रानांत एक बांध आहे. बांधाच्या उगवतीला रुक्माबाईचं रान, मावळतीला रवळूचं. विहीर रुक्माबाईच्या रानात आहे. ती तिच्या नवऱ्याने खणली आणि दोन वर्षांत तो वारला. सातव्या प्रकरणात माझा नायक बांधावर उभा राहून पाणी शेंदणाऱ्या नायिकेकडे बघतो आणि तिच्या मागे सूर्य बुडतो. विहीर उगवतीला ठेवली तर सूर्य नायकाच्या पाठीकडे जातो आणि नायिकेच्या मागे रुक्माबाईचा उकिरडा येतो. म्हणून मी विहीर उचलून पलीकडे रवळूच्या रानात ठेवली. पान त्र्याऐंशी. लिहून झाल्यावर स्वतःवर इतका खूश झालो की दोन कप चहा प्यायलो.

पुढं पुण्याच्या एका मासिकात कुणीतरी लिहिलं की लेखकाने सीमेवरचं हे गाव कल्पनेने बरं रचलं आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना चार पानी पत्र धाडलं, 'माझ्या कादंबरीतला दगडन् दगड जागेवर आहे, कुणीही येऊन बघावं.' त्यांनी ते छापलं. मी ते कात्रण चौकटीत घालून शाळेत लावलं. पुण्याहून बघायला कुणी आलं नाही, पण गावाने ते रोज वाचलं.

१९७८ च्या उन्हाळ्यात पाणी आटलं आणि रवळूने विहिरीवर हक्क सांगितला. रवळनाथाच्या देवळात पंच बसले. रुक्माबाईने रानाचा उतारा आणला होता. तो कन्नडमध्ये. आमच्या गावात कानडी सगळ्यांना बोलता येतं, बाजारात भांडतासुद्धा येतं, पण वाचता येत नाही. सरकारी कागद ट्रंकेत ठेवतात आणि दसऱ्याला हळदकुंकू लावतात. रवळूने आणली माझी कादंबरी. मराठीत, छापील, आणि पान त्र्याऐंशीला तांबडी पेन्सिल ओढलेली.

"छापलंय की वो!" असं म्हणून पुस्तक पंचांमधून फिरलं. वाचता येत होतं म्हणून सगळे खूश. भीमाप्पांनी मला विचारलं, "मास्तर, हे तुम्हीच लिवलासा न्हवं?"

"व्हय."

"गावचं सगळं खरं हाय म्हणून शाळेत लावलासा न्हवं?"

"व्हय."

"मग उचला भंडारा."

देवापुढची हळद हातात घेऊन जे बोलाल ते गाव अखेरचं मानतं. रुक्माबाई मला म्हणाली, "मास्तर, माझ्या हिरीवर तुम्हीच पोहऱ्यानं पाणी प्यालासा की." आणि तिने घडी केलेला उतारा माझ्यापुढे धरला. खात्याच्या परीक्षेसाठी मी कन्नड लिहायवाचायला शिकलो होतो. देवळात तो कागद वाचू शकणारा माणूस एकच होता, आणि तो मी. मी हात पुढं केला नाही. पुस्तक खोटं आहे असं म्हटलं असतं तर शाळेतली चौकट उतरवावी लागली असती. मी भंडारा उचलला. विहीर रवळूला गेली.

तेव्हापासून आठ वर्षं रुक्माबाईचं रान कोरडवाहू आहे. ती बटाटा आणि कोथिंबीर करायची, बेळगावच्या बाजारात न्यायची, आता दुसऱ्यांच्या रानात भांगलायला, तण काढायला जाते. मी नालायक माणूस आहे. हे मी कुणी म्हणायच्या आधी स्वतः लिहून ठेवतो आहे, म्हणजे निदान मजकूर माझा राहील.

कलम ६. माळ्यावर 'रक्तरंजित बांध'च्या प्रती आहेत. किती ते विचारू नये. त्यातल्या प्रत्येक प्रतीत पान त्र्याऐंशीवर पुढील शुद्धिपत्र चिकटवावं: 'या पानावरची विहीर खोटी आहे. खरी विहीर बांधाच्या उगवतीला, रुक्माबाईच्या रानात आहे. लेखकाला सूर्यास्त हवा होता.' चिकटवण्याचं काम भरमाने करावं. खळ लक्ष्मीबाई करून देईल.

कलम ७. ओढ्याकडची माझी सव्वा एकर जमीन, तीतल्या विहिरीसह.

या कलमाचा पहिला मसुदा असा होता, की ही जमीन माझ्या पश्चात रुक्माबाईला मिळावी. दिवाळी झाल्यावर मी तिला बोलावलं आणि मोठ्या आवाजात, मध्येमध्ये थांबत, मसुदा वाचून दाखवला. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही मेल्यावर?"

"व्हय."

"मरस्तोवर मी काय करू? तुमच्या खोकल्याकडं बघत बसू?" आणि उठता उठता म्हणाली, "देवळात खोटं बोललासा ते जित्ता असताना. खरंबी जित्ता असतानाच सांगा की."

आत लक्ष्मीबाई भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं नाही, पण आवाज वाढवला.

म्हणून रविवारी, ९ नोव्हेंबरला, आरतीनंतर मी देवळात उभा राहिलो. हातात कागद नव्हता. मी म्हटलं की विहीर रुक्माबाईची आहे, मी पुस्तकात हलवली आणि भंडारा उचलून खोटं बोललो.

रवळू म्हणाला, "म्हणजे पुस्तक खोटं?"

"व्हय. खोटं."

"मग ते छापलं कसं?"

भीमाप्पा म्हणाले की छापील गोष्ट तोंडी फिरवता येत नाही, जत्रेनंतर बघू. दोनचार जण हळू आवाजात म्हणाले की म्हाताऱ्याला बाहेरचं काहीतरी लागलंय. या गावाला मी तीस वर्षं छापलेलं सगळं खरं मानायला शिकवलं होतं, आणि ते फार चांगलं शिकलं होतं. विहीर रवळूकडेच राहिली.

तेव्हा मी मसुद्यातलं कलम सात खोडलं. गुरुवारी, २० नोव्हेंबरला, रुक्माबाईला घेऊन बेळगावला गेलो आणि ती सव्वा एकर विहिरीसह तिच्या नावे बक्षीसपत्र करून नोंदवली. ही जमीन आता माझी नाही, म्हणून या मृत्युपत्रात येत नाही. भरमाने दावा लावू नये, लावला तर छत्रीही मिळणार नाही.

दस्त कन्नडमध्ये होता. अंगठा उठवण्याआधी रुक्माबाई म्हणाली, "ह्यात काय लिवलंय?" मी तिला ओळ न् ओळ वाचून, मराठीत अर्थ सांगितला. सर्व्हे नंबर, चतुःसीमा, विहीर एक. आठ वर्षांपूर्वी वाचायला हवं होतं तितकं स्पष्ट वाचलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि सोबत आलेल्या शालूबाईंना दिला; त्या अलीकडेच आमच्या अंगणवाडीवर आल्या आहेत आणि त्यांना कन्नड वाचता येतं. "मास्तरांनी वाचल्यालं ऐकलं," ती म्हणाली, "आता तुम्ही वाचा." शालूबाईंनी वाचलं. मग तिने बाहेरच्या बाकावरच्या एका अनोळखी माणसाला हाक मारून त्याच्याकडूनही वाचून घेतलं. तोवर मी भिंतीला टेकून उभा होतो. तिघांचं जुळलं तेव्हा तिने अंगठा उठवला.

इतकं लिहून हे मृत्युपत्र मी पुरं करतो. खाली सही करणाऱ्या दोघांनी मला सही करताना डोळ्यांनी पाहिलं आहे. मजकूर त्यांना मी वाचून दाखवलेला नाही. तो शालूबाईंनी वाचला, मी ऐकला.

ठिकाण: चिंचहोळ
दिनांक: २४ नोव्हेंबर १९८६, सोमवार

(सही) भावकू मष्णू चिंचहोळकर

साक्षीदार:

१. (सही) भीमाप्पा सत्याप्पा पाटील, शेती, चिंचहोळ. माझी साक्ष फक्त सहीपुरती आहे. कलम ३ मला मान्य नाही.

२. (सही) शालूबाई परशराम मोरे, अंगणवाडी शिक्षिका, चिंचहोळ. वरील सर्व मजकूर मी मोठ्याने वाचला. रुक्माबाई दाराबाहेर पायरीवर बसून ऐकत होती. कलम पाच तिने दोनदा वाचायला लावलं आणि दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाली, "आता बरोबर हाय." मग ती ओढ्याकडच्या आपल्या विहिरीवर पाणी शेंदायला गेली.