अक्का, मी ऑपरेशन करून घेतलं

प्रिय अक्का,

आज सव्वा महिन्यानंतर पुन्हा शिलाई मशीनवर बसले. ऑपरेशनचा रिपोर्ट मागेच आला, काही निघालं नाही. घरात, शिवणक्लासात सगळ्यांना सांगून झालं. जिला आधी सांगायला हवं, तिलाच सांगायचं राहिलं होतं.

आई गेली तेव्हा लोक एवढंच म्हणाले, पोटात पाणी झालं. तीन वर्षांपूर्वी तुझ्या वेळी आजाराचं नाव तरी कळलं, अंडाशयाचा कॅन्सर. पण कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

तू बोलली का नाहीस गं? शिरपूरहून धुळ्याला आलीस की ब्लाउज पुढे करायचीस. दंडात आत घे, खालचा हूक लागत नाही, तिथे सैल कर. दोनदा केलं मी ते. विचारलं तर म्हणालीस, "काही नही वं, पोटमा वारा धरेल शे." आणि मी, जिला मापातला बोटभर फरक कळतो, ती गप्प सुई ओवत बसले. त्याचं अजून वाईट वाटतं.

दिवाळीनंतर माझंही पोट फुगायला लागलं. कुणाला न सांगता डॉक्टरीणबाईंकडे गेले. अपचन निघालं. पण आईचं आणि तुझं सांगितल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं. दर सहा महिन्यांनी तपासत राहायचं, नाहीतर दोन्ही अंडाशय आणि पिशवी काढून टाकायची, असं त्यांनी समजावलं. तपासणीत हा आजार वेळेवर सापडेलच असं नाही, हेही सांगितलं.

"तुम्ही माझ्या जागी असता तर?" मी विचारलं.

"होईलच असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण ही भीती घेऊन किती वर्षं राहता येईल, ते तुम्हीच बघा."

दोन महिने माझं काही ठरेना. सासूबाई म्हणायच्या, पिशवी काढलेली बाई जन्मभर कंबर धरून बसते. पाळी एकदम बंद होईल, हाडं ठिसूळ होतील, हे तर बाईंनीही सांगितलं होतं. ह्यांनी 'तू ठरवशील ते' म्हटलं आणि मला रागच आला. कुणीतरी सरळ हो किंवा नाही म्हणावं, असं वाटायचं. तू काय म्हणाली असतीस?

मग एकदा जळगावहून तुझी रेखा आली. जेवताना म्हणाली, "मावशी, आईसारखीच तू पण सारखी पोटावर हात ठेवून बसतेस."

मी हात काढला. दुपारी तिला गाडीत बसवून दिलं आणि स्टँडवरून सरळ दवाखान्यात जाऊन तारीख घेतली.

नको म्हणणाऱ्या सासूबाईंनीच नंतर मला साधी बादली उचलू दिली नाही. रिपोर्ट ऐकून मात्र म्हणाल्या, काही नव्हतंच तर काढलं कशाला? मी म्हटलं, "काही नव्हतं तेव्हाच काढायचं होतं." त्या चहा ठेवायला उठल्या.

दिवसातून चारदा अंगातून वाफा निघतात. हातातलं टाकून पंख्याखाली बसावं लागतं. पण सकाळी उठल्याबरोबर पोट चाचपायची सवय गेली, अक्का. कळण्याची भाकरी आणि ठेचा पोटभर खाते आणि वामकुक्षी घेते. किती दिवसांनी असं निवांत वाटतंय!

आखाजीच्या सणाला माहेरपणाला माझ्याकडे ये, म्हणून रेखाला पोस्टकार्ड टाकलंय. आजीचं, तुझं, माझं, सगळं तिला नीट सांगेन. घाबरवणार नाही, पण लपवणारही नाही. पुढे काय करायचं ते तिचं ती ठरवेल. दवाखान्याच्या बाकावर तिला एकटीला बसू देणार नाही, हा माझा तुला शब्द.

तुझी धाकटी,
कुसुम