घुबडराव कोणाचा

४ फेब्रुवारी
पेपरात घुबडरावाच्या सिनेमाची पानभर जाहिरात. खाली बारीक अक्षरांत – जनक : थोरले मालक. त्यांना रेघ सरळ मारता येत नव्हती! बत्तीस वर्षं त्यांच्या साप्ताहिकात दर आठवड्याला घुबडरावाची चित्रकथा काढली ती मी. हिने जाहिरात वाचली, पेपराची घडी घातली, भाजी चिरायला बसली.

९ फेब्रुवारी
छापखान्याच्या कचेरीत गेलो. धाकटे मालक उठून उभे राहिले, पाणी दिलं. "काका, तुमचा मान आहेच. पण कागदोपत्री तुम्ही पगारी चित्रकार. जे काढलंत ते आमचं." पाणी प्यालो नि जिना उतरलो. खाली घुबडरावाचा पुठ्ठ्याचा पुतळा. माझ्याहून हातभर उंच.

१० फेब्रुवारी
लेकीकडून एका वकीलबाईंचा पत्ता घेतला.

१६ फेब्रुवारी
वकीलबाई म्हणाल्या, "पहिलं चित्र तुमच्या हातचं, हे सांगणारं कोणी आहे?" उरलंय कोण? चित्रांतल्या फुग्यांत अक्षरं भरणारे अण्णा. तेवढेच.

२१ फेब्रुवारी
अण्णांचे कान गेलेत, डोकं शाबूत. म्हणाले, "साक्ष देतो, पण खरी देईन. तू तापाने फणफणला होतास, अंक अडला होता. पहिला घुबडराव वहिनींनी काढून माझ्या हाती दिला. बरा होऊन आलास नि खाली सही ठोकलीस."
"कामचलाऊ होतं ते. वळण मी लावलं."
"मालकही हेच म्हणायचे. कल्पना माझी, याचा नुसता हात."
घरी येताना दोनदा वाट चुकलो. विसरलो होतो म्हणू? वहीत तरी खोटं कशाला. विसरलो नव्हतो.

२२ फेब्रुवारी
हिला विचारलं, "कधी बोलली का नाहीस?"
चादरीच्या घड्या घालत होती. "तुम्ही विचारलंत कधी?" म्हणाली नि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. धरून उभा राहिलो.

२६ फेब्रुवारी
वकीलबाई एकदम सरसावून बसल्या. "त्या पगारी नव्हत्या? मग हक्क त्यांचा. त्यांची सही आणा."
हिच्यापुढे कागद ठेवला, दोघांच्या नावांचा. तिने तो परत सरकवला. "आता माझं नाव आठवलं, तेही मालकांना हरवायला."

५ मार्च
सिनेमा लागला. मी गेलो नाही. लेक पाहून आली, शेवटी नावं सरकतात तिथपर्यंत थांबली म्हणे. "कुठेच नाही हो, बाबा."

९ मार्च
वकीलबाईंचा फोन. ही काल एकटीच जाऊन दावा लावून आली. स्वतःच्या नावाने. माझं नाव त्यात कुठेच नाही.