देव नळदुर्गला, ग्रोथ अणदूरला

१३ ऑक्टोबर, रविवार
भजी संपली, चटणी संपली, शेवटी मिरच्यासुद्धा संपल्या. खंडोबाच्या दर्शनाला एवढी माणसं अणदूरला कधी बघितली नव्हती. देवळापासून माझ्या ‘मल्हार टी सेंटर’पर्यंत गाड्याच गाड्या. टीव्हीवर जिला ग्रोथ म्हणतात ती हीच. मी बी.ए.ला इकॉनॉमिक्स घेतलं होतं, त्यामुळे लगेच ओळखली.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे.

१४ ऑक्टोबर, सकाळी पावणेनऊ
उठलो.
आमचा भजी तळणारा गोरोबा म्हणाला, मालक, खांदा भरून आला काल, पगाराचं बघा की जरा. त्याला शांतपणे समजावलं की ग्रोथ आधी वर साठावी लागते, मग ती आपोआप खाली झिरपते. तो वर बघायला लागला. वर पत्रा आहे.

२० ऑक्टोबर, रविवार
मागच्या रविवारपेक्षा जास्त गर्दी. कॅलेंडरच्या पाठीमागे ग्राफ काढला. दोन रविवार, दोन टिंबं, रेघ सरळ वर. बायकोला, शिवप्रियाला दाखवला. ती म्हणाली, आवो, कॅलेंडर फिरवून बगा, म्होरं देव नळदुर्गला जायाचे दिवस हायेत.
हे मला माहीत नाही का? दरसाल देव पावणेदोन महिने नळदुर्गला राहायला जातात आणि अणदूरचं गिऱ्हाईक त्यांच्या मागोमाग जातं. जन्मापासून बघतोय. पण ते जुनं अणदूर. पूर्वी लोक देवाला यायचे आणि जाता जाता भजी खायचे. आता भज्यांना येतात, आणि आलोच आहोत तर देवाच्या पाया पडतात. हे चारचौघांत बोलणार नाही. देवाचा राग नको म्हणून फक्त इथं लिहून ठेवतो.

२८ ऑक्टोबर
एक्स्पान्शन. शेजारचा गाळाही भाड्यानं घेतला. काचेचं काउंटर, मोठा फ्रीज, नव्या खुर्च्या. भांडवलासाठी नळदुर्गच्या यात्रेतली आमची पालाची जागा धोंडप्पांना देऊन टाकली. वडिलांच्या वेळेपासून देव तिकडे गेले की आम्ही तिथं पाल टाकून चहा विकायचो. आता गरज काय?
धोंडप्पांचं नारळ-भंडाऱ्याचं दुकान इथंही आहे आणि नळदुर्गलाही. देव कुठंही असोत, हा माणूस हजर. अशा लोकांची प्रगती होत नाही. फोकस नसतो.
शिवप्रियानं ऐकलं आणि बादली जोरात आपटली.

२४ नोव्हेंबर, रविवार
रेकॉर्ड. गोरोबानं पुन्हा पगाराचा विषय काढला. झिरपायला वेळ लागतो म्हणालो. पहाटे उठणं सोमवारपासून.

८ डिसेंबर, रविवार
देव नळदुर्गला गेल्यानंतरचा पहिला रविवार. मी स्वतः वेशीपर्यंत पोचवायला गेलो होतो, भंडाराही उधळला. आज विश्वासानं दुप्पट कांदा चिरायला लावला.
गिऱ्हाईक: एक. तेही नळदुर्गचा रस्ता विचारायला. पाणी पिऊन गेलं.
याला करेक्शन म्हणतात. घाबरायचं नसतं. भजी घरी आणली. म्हशीनंसुद्धा खाल्ली नाहीत.

१५ डिसेंबर, रविवार
धोंडप्पा आले. नळदुर्गला थंड पाण्याला लई मागणी हाय म्हणाले. फ्रीज रिकामाच चालू होता, लाइटबिल खात होता. देऊन टाकला. निर्णय स्ट्रॅटेजिक आहे.
गोरोबाला म्हणालो, मंदी सगळ्यांनी मिळून सोसायची असते, तू अर्ध्या पगारावर ये. तो म्हणाला, वाढलं तवा कुठं मिळून खाल्लं, मालक? आन घरात खाणारी पाच हायेत, ती अर्धी कशी करू? मी म्हणालो, तो वेगळा चॅप्टर आहे. दुपारी तो धोंडप्पांच्या टेंपोत बसून नळदुर्गला गेला. माणसांत निष्ठा उरली नाही.

२९ डिसेंबर
खुर्च्या धोंडप्पांकडे गेल्या. एक ठेवली. मालकाला बसायला लागते.

१३ जानेवारी, पौष पौर्णिमा
नळदुर्गची यात्रा. मार्केट सर्व्हेसाठी गेलो. मुंगी शिरायला जागा नाही. आमच्या पालाच्या जागेवर धोंडप्पांच्या दोन कढया, एकीवर गोरोबा. खुर्च्या ओळखीच्या. फ्रीजही ओळखीचा, पण आता भरलेला. गोरोबानं प्लेट पुढं केली, पैसे घेतले नाहीत. खाल्ली. चव तशीच.
रांगेत उभा राहून देवाला म्हणालो, जरा लवकर या.

१८ जानेवारी
दोन्ही गाळ्यांचं भाडं थकलंय. शिवप्रिया म्हणाली, काय बी इका, म्हैस इकायची न्हाय, लेकरांचं दूध हाय ते. मी म्हणालो, प्रश्नच येत नाही.

२० जानेवारी
म्हैस गेली. शिवप्रिया दिवस मावळेपर्यंत नुसतं दावं हातात घेऊन गोठ्यात बसली होती. मला फार वाईट वाटलं. तिला तसं सांगायला दोनदा गोठ्यापर्यंत गेलो, आणि दोन्ही वेळा चारा आहे का बघून परत आलो. चारा भरपूर आहे.

२३ जानेवारी
म्हशीचे पैसे जुन्या भाड्यातच गेले. दोन्ही गाळे सोडले. धोंडप्पांनी घेतले, काउंटरसकट. देव परत यायला आठवडासुद्धा उरला नव्हता. मला एवढंच थांबता आलं असतं तर? धोंडप्पांना थांबता येतं. त्यांचं नशीबच तसं. बाकी माझा ग्राफ बरोबर होता.

२ फेब्रुवारी, रविवार
देव अणदूरला परत आल्यानंतरचा पहिला रविवार. गर्दी ऑक्टोबरपेक्षाही जास्त. ग्रोथ परत येणार हे मी म्हणालोच होतो.
पहाटे साडेचारला उठलो. धोंडप्पांचा नियम आहे. एका कढईवर गोरोबा, दुसरीवर मी. पगार दोघांना सारखा. टीव्हीवर कुणी तज्ज्ञ सांगत होते की देशात विषमता वाढतेय. इथं येऊन बघा म्हणावं. गोरोबात आणि माझ्यात काही फरक राहिलेला नाही. तो मला अजून मालक म्हणतो, तेवढा एक सोडून.
दुपारी धोंडप्पांकडे पगाराचं काढलं. ते हिशेब लिहिता लिहिता म्हणाले, बगू. आन एक सांगून ठिवतो, पुढच्या खेपेला देव नळदुर्गला गेले की हितं एकच कढई चालू ठिवायची, एकच माणूस लागंल.
गोरोबानंही ऐकलं. तेव्हापासून तो मला मालक म्हणाला नाही. त्याचा घाणा माझ्या आधी निघायला लागला. उद्यापासून पहाटे पाचलाच येतो, असं धोंडप्पांना सांगूनही गेला.
संकल्प: उद्यापासून पहाटे चारला उठणे.