बारक्या चाकांची बग्गी

मनोरी

बाबा, जय भीम.

मी बरा आहे. बंगल्यावर दोन वेळचं जेवण मिळतं. तुमचा गुडघा कसा आहे?

मालकांनी पाहुण्यांच्या पोरांसाठी एक बुटका घोडा घेतलाय, माझ्या कमरेएवढा. मी म्हटलं, इथली वाट दगडांची, मोठ्या चाकांची हलकी गाडी घ्या. त्यांना फोटोत झकास दिसणारी, बारक्या चाकांची जड बग्गी आवडली.

तुम्ही बैल जुंपायच्या आधी नवी गाडी स्वतः ओढून बघायचात. मीही पट्टा छातीला लावून समुद्रापर्यंत बग्गी ओढली. सोललेली छाती मालकांना दाखवली, तर हसून म्हणाले, "तू काय घोडा आहेस?"

आता घोड्याची छाती तशीच सोललीय.

माझी जखम भरली, आईला सांगा. त्याची भरत नाही, कारण रोज सकाळी त्याला मीच जुंपतो.

तुमचा,
धम्मपाल