अडकलेलं काडतूस

कॉटनवुड फोर्ड, मोंटाना
३ नोव्हेंबर

प्रिय कोरिन,

तुझं पत्र मिळालं. आम्ही सगळे ठीक. डोंगरांवर बर्फ उतरलाय, एल्कच्या शिकारीचा मोसम सुरू झालाय आणि आमच्या बंदुकांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. चर्चच्या जेवणात यंदाही तेच बुळबुळीत माशाचं लुटफिस्क होतं, आणि ते छान झाल्याचं यंदाही सगळ्यांनी एकमेकांना न खाता सांगितलं.

दुकानात नक्की काय घडलं आणि तुझे बाबा विसरायला लागलेत असं मला वाटतं का, असं तू विचारलंस. हे पत्र डॉक्टरांना दाखवणार आहेस, म्हणून जपून लिहिते.

मोसमाच्या पहिल्या शनिवारी ते रायफल घेऊन आले. नेहमीसारखी कव्हरमध्ये, नळी जमिनीकडे. मी ती काउंटरवर बाहेर काढली. मागचा बोल्ट ओढूनही उघडेना, म्हणून चाप दाबून पाहिला आणि गोळी सुटली. मागच्या खोलीच्या दाराची चौकट फुटली. तिचा एक तुकडा ड्वाइटच्या कानाची पाळी घेऊन गेला. मालक असूनही तो हसण्यावारी नेतोय. "बायकोचं ऐकायला उरलेला कान पुरे आहे," म्हणतो. पण नियम म्हणून बाबांना दुकानात यायची बंदी त्याने केलीच.

माझी चूक आहेच. बंदूक हातात आली की आधी ती रिकामी आहे का ते स्वतः पाहायचं, देणारा प्रत्यक्ष देव असला तरी. मी पाहिलं नाही. ड्वाइट मला सगळ्यांदेखत बोलला, आणि ते योग्यच होतं. मात्र आत काडतूस आहे, हे रायफल काउंटरवर ठेवताना बाबांनी सांगितल्याचं मी ऐकलं नाही. "मी सांगितलं होतं ना, लॉर्ना?" असं त्यांनी नंतर विचारलं, तेव्हाही मी हेच म्हणाले.

विसरायला लागलेत का, ते मी कसं सांगू? वय झालंय, एवढं खरं.

तुझीच,
लॉर्ना


कॉटनवुड फोर्ड
२१ नोव्हेंबर

कोरिन,

माझं पत्र डॉक्टरांना फार उपयोगी पडलं, असं तू कळवलंस. बाबा थँक्सगिव्हिंगनंतर तुझ्याकडे स्पोकेनला यायला आणि घर विकायला तयार झाले, "त्या दिवसानंतर त्यांचाच स्वतःवर भरवसा राहिला नाही," असंही लिहिलंस. वर माझे आभार मानलेस.

या पत्राऐवजी मी फोन करू शकले असते. पण तू मध्येच "अगं, असू दे" म्हणाली असतीस आणि मी असू दिलं असतं.

परवा सकाळी ते आले होते. बंदी आहे म्हणून आत आले नाहीत, दुकानासमोर ट्रक लावून बसून राहिले. मी बाहेर गेले. त्यांनी काच खाली केली.

"रायफली विकायला आणल्यात. सगळ्या मागे आहेत. कव्हरमध्ये."

"रिकाम्या आहेत ना, मिस्टर सोल्बर्ग?" तोंडात बसलेला प्रश्न. विचारला आणि जीभ चावली.

"मला वाटतं, आहेत," ते म्हणाले.

कोरिन, या माणसाने गावातल्या निम्म्या पोरांना बंदूक धरायला शिकवलं. तुला, मला. चर्चच्या तळघरात बसवून. 'मला वाटतं' म्हणणाऱ्याला ते वर्गाबाहेर काढायचे, आठवतं? "वाटणं बायबलच्या वर्गात. इथे बघणं."

ते खाली उतरले. एकेक कव्हर उघडायचे, बोल्ट मागे ओढायचे, आत बोट घालून चाचपायचे आणि मग माझ्यापुढे धरायचे. "तू बघ. माझ्या डोळ्यांना रिकामी दिसतेय, पण तू बघ." मी बघून "रिकामी" म्हणायची. ते कव्हर बंद करायचे, क्षणभर थांबायचे आणि तीच पुन्हा उघडायचे. "आणखी एकदा बघतेस का, पोरी?"

शेवटची बंद करताना हसून म्हणाले, "गंमत बघ. त्या दिवशी मी दारात उभं राहून तुला सगळं सांगितलं, असं अजूनही मला स्पष्ट दिसतं. अगदी तुझा चेहरासुद्धा. डोकं काय काय रचतं, नाही?"

मी म्हणाले, "होतं असं."

ते गेल्यावर मी त्या रायफली आत नेऊन ठेवल्या आणि संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकांना काडतुसं विकत राहिले.

आता मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहिते. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ते परत वाचशील तर दिसेल, 'काउंटरवर ठेवताना' हे शब्द मी मुद्दाम घातले होते. कारण काउंटरवर ते खरंच काही बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. ते आधीच बोलून गेले होते.

काडतूस अडकलं तर रायफल ट्रकमध्येच ठेवायची, रिकाम्या हाताने आत येऊन सांगायचं आणि दुकानातलं माणूस बाहेर जाईल, अशी इथली रीत. त्यांनी तसंच केलं. मी एका गिऱ्हाइकाच्या बंदूक-खरेदीच्या सरकारी मंजुरीसाठी फोन कानाला लावून उभी होते. समोर बाहेरगावचं एक जोडपं दुर्बिणींवरून भांडत होतं. बाबा दारातूनच म्हणाले, "लॉर्ना, काडतूस अडकलंय. रायफल ट्रकमध्येच ठेवलीय. मोकळी झालीस की बाहेर ये."

मी म्हणाले, "आणा ना आत, मिस्टर सोल्बर्ग."

ते घुटमळले. "आत आणू?"

"हो, हो. आणा."

काउंटरमागच्या माणसाचा शब्द शेवटचा, हेही त्यांनीच शिकवलेलं. म्हणून त्यांनी आणली.

मला ऐकू आलं नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिलं. पण ऐकू आलं होतं. फक्त त्याचा अर्थ मनात शिरायची मी वाट पाहिली नाही. आदल्या आठवड्यात ते चाप जड झाल्याची कुरकुर करत होते, त्यासाठीच आलेत असं मी धरून चालले. गोळी सुटली त्याच क्षणी त्यांचं दारातलं वाक्य शब्दन्‌शब्द आठवलं. मग ड्वाइट कान धरून ओरडत बाहेर आला, "भरलेली बंदूक आत कोणी आणली?" बाबा म्हणाले, "मी." आणि माझ्याकडे पाहिलं.

बंदूक न तपासल्याची चूक मी लगेच कबूल केली. किती मोकळ्या मनाने! लहान चूक पुढे केली की मोठी तिच्यामागे सहज लपते. नोकरी जाईल म्हणून घाबरले, असं लिहिणार होते. ते पूर्ण खरं नाही. 'लॉर्नाच्या हातून चूक होत नाही' असं गावात म्हणतात, मला ते सोडवेना. त्यासाठी मी तुझ्या बाबांची स्मरणशक्ती देऊन टाकली.

आज सकाळी ड्वाइटला सांगितलं. त्याने पट्टी बांधलेला कान चोळला. मग म्हणाला, "दुकानाची किल्ली ठेव काउंटरवर." मी ठेवली. "आणि म्हाताऱ्याला कोण सांगणार?"

"मीच. आता तिकडेच निघालेय."

"जा. बंदी उठवलीय, म्हणावं. आणि रायफली विकायच्या नाहीत, मी परत पोचवतो."

बाबा ओसरीवर खोकी बांधत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी मला बस म्हटलं नाही. स्वतः मात्र पायरीवर बसले.

"म्हणजे मी सांगितलं होतं."

"हो."

"काय म्हणालो होतो?"

मी सांगितलं.

"पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा माझ्याबरोबर त्यांचेही ओठ हलत होते. मला वाटलं आता रागावतील, मी त्यासाठी तयार होऊन गेले होते. ते नुसते म्हणाले, "मी रोज रात्री शेगडी बंद आहे का बघायला चारदा उठतोय, लॉर्ना." मग म्हणाले, "जा आता." नेहमीचं 'पोरी' नव्हतं त्यात.

कोरिन, मागे त्यांनी दूध गॅसवर विसरल्याचं तू लिहिलं होतंस, चुकीच्या रस्त्याला लागल्याचंही. ते खरं असेल. त्यांनी इथे राहावं की तुझ्याकडे, हे सांगणारी मी कोण! पण जे ठरवायचं ते त्यांच्या चुकांवर ठरव, माझी चूक त्यांच्या पारड्यात ठेवू नकोस. डॉक्टरांना हे पत्र दाखव. घराच्या कागदांवर अजून सह्या झाल्या नसतील तर थांबव.

आणि त्यांना आज फोन कर. काही विचारू नकोस. अलीकडे सगळे त्यांना फक्त विचारतात. त्यांना सांग, की त्या दिवशी त्यांनी सगळं बरोबर केलं होतं.

क्षमा मागत नाही. ती मागायची जागा मागच्या पत्रात होती.

लॉर्ना