टाकी सडलेली आहे, असं मी सांगितलं

३ फेब्रुवारी १९५६, शुक्रवार

ह्यांना ठाण्याच्या तुरुंगात नेलं. जमावबंदी मोडून मुंबईसाठी घोषणा दिल्या, एवढाच गुन्हा. चाळीतली माणसं येऊन 'धीर धरा' म्हणून जातात. धीर आहे. दुकान बंद पडलंय त्याचं काय, ते कुणी बोलत नाही.

संध्याकाळी भावजी आले, ह्यांचे थोरले भाऊ. चहा संपल्यावर म्हणाले, "शालिनी, कॉम्प्रेसर विकून टाकू. भायखळ्याला गिऱ्हाईक आहे. रंगाचं दुकान चालवणं बाईमाणसाचं काम नव्हे." सासूबाई कपबशा उचलत होत्या.

मी म्हटलं, उद्या दुकान उघडते.

"आणि मशीन कोण चालवणार?"

"त्याला बटण आहे."

जरा जास्तच बोलले. पण बोलले.

४ फेब्रु., शनिवार

उघडलं. रघूभाऊ वेळेवर हजर. ते पहिल्यापासून आमच्याकडे फवाऱ्याने रंग मारतात. घरी बसून कंटाळले होते. लोखंडी कपाटांचे दरवाजे रंगवायचे पडलेत. बटण दाबलं, पट्टा फिरला, हवेचा काटा चढला. मनात म्हटलं, बघा.

दुपारी सगळ्या दरवाज्यांवर फोड. देवी आलेल्या पोराच्या तोंडासारखे. र. भाऊ म्हणाले, "वहिनी, हवेत पाणी येतंय." कुठून येतंय ते त्यांनाही ठाऊक नाही. रंग फवारायची बंदूक त्यांची, मशीन ह्यांचं, आणि ह्यांच्या मशीनला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा कायदा.

कायदे मोडायचे दिवस आहेत. मशीनच्या हवेच्या टाकीखाली आडवी झाले. पोटाशी लहानसा नळ, गंजून घट्ट. घासलेट सोडून, पान्याने हळूहळू फिरवला. आधी फुस्स, मग तपकिरी पाणी, येतंय ते येतंयच. लुगडं गेलं. र. भाऊ भिंतीकडे बघत उभे, हसत असावेत.

दरवाजे घासून पुन्हा रंगवले. एक फोड नाही.

९ फेब्रु., गुरुवार

मुलाखत. मध्ये जाळी, बाजूला शिपाई. दाढी वाढलीय, आवाज खणखणीत. आईची तब्येत, चाळ, कोण कोण सुटलं, सगळं विचारून झालं. मी म्हटलं, मशीन चालवतेय, पण हवा भरायला फार वेळ लागतो.

ह्यांचा चेहराच उतरला. अटक झाली तेव्हा उतरला नव्हता.

"तू हात लावू नकोस. दादाला सांग."

"दादा विकायला निघालेत."

मग न राहवून, "वरच्या डोक्यातल्या झडपांच्या पत्त्या काजळल्या असतील. जळकं तेल बसतं त्यांच्यावर. पण तू उघडू नकोस."

"धुवायच्या कशाने? पेट्रोलने?"

"घासलेटने. उघडू नकोस म्हटलं ना."

शिपाई म्हणाला, घरचं बोला. मी म्हटलं, घरचंच चाललंय.

१३ फेब्रु., सोमवार

उघडलं डोकं. आधी टाकीतली हवा सोडली, काटा शून्यावर आणला, वीज बंद. बोल्ट निघाला की पाटावर ओळीने, कुठला कुठे होता तसाच. र. भाऊ पाना धरतात, मी फिरवते. आत सगळं काजळ, चुलीच्या धुराड्यासारखं. पत्त्या धुतल्या. एक चिरलेली होती, ती बदलली. नवी ह्यांच्या डब्यात सापडली. हवेची जाळी धुतली, जुनं तेल काढून नवं भरलं, पट्टा ताणला.

चालू केलं. काटा असा चढला की र. भाऊ 'वा' म्हणाले. ते कामात सहसा बोलत नाहीत.

हात चार वेळा धुतले, काळे ते काळेच. सासूबाईंना वाढलं त्याच हातांनी. त्यांनी पाहिलं, जेवल्या.

१८ फेब्रु., शनिवार

आज वाईट.

टाकीखालचा नळ सोडायचा ही आता रोजची सवय. आज तिथला रंग सुटलेला दिसला म्हणून खरवडला. रंगाखाली डाग. कुणीतरी कल्हईवाल्यासारखा झाळ देऊन, पत्र्याचं ठिगळ बसवून वर रंग मारलाय. कुणीतरी म्हणजे कोण? मशीनला एकाच माणसाचा हात लागायचा.

हातोडीने हलकेच वाजवून पाहिलं. वरची बाजू खणखण, खालची मडक्यासारखी.

मशीन बंद केलं. र. भाऊ म्हणाले, "सोमवारी कपाटं द्यायचीत." मी म्हटलं, टाकीपासून चार हातांवर तुम्ही दिवसभर उभे असता. त्यांनी बंदूक पुसून ठेवली.

२० फेब्रु., सोमवार

खालच्या मजल्यावरचे धोंडूमामा गिरणीच्या बॉयलरवर असतात. त्यांना बोलावलं. ते म्हणाले, हवेनं नको, पाण्यानं तपासू. पाणी फुटलं तर नुसतं भिजवतं. टाकी पाण्याने गच्च भरली, हातपंपाने दाब देत गेलो, चालवतो त्याच्या दीडपटीपर्यंत न्यायचा होता.

तिथवर जायची वेळच आली नाही. त्याच्या आधीच ठिगळाच्या कडेने घाम फुटला, मग धार लागली.

मामा म्हणाले, "बाय, ही टाकी नाय, हा बाँब हाय." आणि मला विचारलं, "हे ठिगळ कोणी मारलं?"

सांगितलं नाही. ह्यांच्या नावाने नाक्यावर जयजयकार होतो. तो मलाही आवडतो. राग आला आहे, तो दोघांच्या मधला.

सासूबाईंना मात्र सांगितलं. लेकाचं नाव न घेता आपल्या मालवणीत म्हणाल्या, "शिरा पडो त्या टाकयेर. फुटली असती तर? रघू थंयच उभो रवता."

२२ फेब्रु., बुधवार

भावजी भायखळ्याचं गिऱ्हाईक घेऊन दुकानात. कासमभाई, जुन्या मशीनचे व्यापारी. भावजींना टाकीचं कळलंय. बाहेर नेऊन हळूच म्हणाले, "वरून रंग मार आणि गप्प बस. विकली की आपला संबंध संपला."

कासमभाईंनी पत्त्या पाहिल्या, पट्टा पाहिला, खूश. मग टाकीवर थाप मारून विचारलं, "ये बराबर है?"

भावजी "एकदम" म्हणाले. मी म्हटलं, नाही. टाकी खालून सडलेली आहे, पाण्याने तपासली, गळते. मशीन चांगलं आहे.

ते माझ्याकडे बघत राहिले. "बाई, अपने माल को कोई खराब बोलता है क्या?" आणि गेले.

भावजींचा आवाज चाळीपर्यंत. "मी घराचं भलं बघतोय आणि ही मला चार माणसांत खोटा पाडते. नवरा आत, ही मोकाट." मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, उद्या दुसऱ्याच्या दुकानात ती फुटली असती, तर तिथेही एखादा रघूभाऊ असता ना.

"तुला काय करायचंय त्याचं?"

मी दुकानाला कुलूप लावलं.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "खरा सांगलंस ता बरा केलंस. आता खातलंव काय, ता पण सांग."

२३ फेब्रु., गुरुवार

त्याचंच उत्तर शोधायला भायखळ्याला गेले. एकटी. कासमभाईंच्या वखारीत शिरले तेव्हा सगळे हमाल थांबून बघायला लागले. म्हटलं, मशीन विकायचं नाही, टाकी घ्यायची आहे. रोख काही नाही. तुमचा दरवाजा, जाळ्या, बाहेरचं फाटक, सगळं गंजलंय. आम्ही रंगवून देतो.

हसले. "मैं भी सड़ी हुई दे दूँ तो?"

"पाण्याने तपासल्याशिवाय नेणार नाही."

तपासली. दुपारी धोंडूमामा रजा टाकून आले. पहिली नापास. दुसरीवर दाब धरून ठेवला, मामांची बिडी संपेपर्यंत काटा हलला नाही. ती घेतली.

१ मार्च, गुरुवार

नवी टाकी बसली. सेफ्टी व्हॉल्व्हही जुना ठेवला नाही, कासमभाईंकडूनच घेतला. दाब वाढला की आपोआप हवा सोडतो की नाही ते उभं राहून तीनदा पाहिलं. कपाटवाला चिडलेला होता, पण दरवाजे बघून घेऊन गेला. र. भाऊ भायखळ्याचं फाटक रंगवतायत. बंदर, गोदी, मुंबई कुणाची यावर तिथल्या हमालांशी वाद घालून येतात, घसा बसलाय.

जुनी टाकी भावजी मागत होते, भंगारात टाकतो म्हणून. आधी छिन्नीने तिला मोठं भोक पाडलं, मग दिली.

१७ मार्च, शनिवार

हे सुटले. चाळीच्या तोंडाशी हार, गुलाल. मीही ओवाळलं. रोडावलेत. पोरासोरांना उचलून घेत होते, डोळे भरून आले माझे, खोटं कशाला लिहू.

जेवून लगेच दुकानात. टाकीभोवती एक फेरी मारली.

"ठिगळ मी मारलं होतं. अजून वर्ष काढलं असतं त्याने."

"आणि रघूभाऊंनी?"

टाकीवर हात फिरवला. मग, "गिऱ्हाइकाला सांगितलंस म्हणे?"

"त्यांनी विचारलं. सांगितलं."

"माझी अब्रू..."

"तुमचं नाव नाही घेतलं. आई सोडून कुणाकडेच नाही."

बसले स्टुलावर. म्हणाले, "नवी टाकी तेव्हा जमत नव्हती. दुकान बंद ठेवणंही जमत नव्हतं." म्हटलं, मला जमलं का ते बघायला तुम्ही नव्हता. हे बोलायला नको होतं, आजच्या दिवशी तरी. पण...

शेवटी म्हणाले, "सोमवारपासून मी बघतो. तुझं झालं आता."

१९ मार्च, सोमवार

गेले. मीही, नेहमीच्या वेळी. हे आधीच तिथे. बटणाकडे हात गेला तसं म्हटलं, खालचं पाणी सोडलं नाहीत. तेलही बघितलं नाहीत.

"मला शिकवतेस?"

"हो."

र. भाऊ बंदुकीत रंग गाळत होते, मान वर केली नाही. हे वाकले, नळ सोडला. दिवसभर दोघंही दुकानात. जागा तेवढीच, सारखे धक्के लागत होते.

२१ मार्च, बुधवार

संध्याकाळी चळवळीतल्या बाया खोलीवर आल्या. पुढच्या सत्याग्रहात बायकांची वेगळी तुकडी करतायत, लालबाग-परळमधून नावं हवीत. सगळ्या ह्यांच्याशीच बोलत होत्या, जेलमध्ये काय खायला देतात वगैरे. मग एकीने वही उघडून मला विचारलं, "वहिनी, तुमचं लिहू?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "तिला दुकान आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कान लाल झाले.

मी म्हटलं, लिहा. शालिनी. आडनाव ह्यांचंच.

बाया गेल्या. हे उठले, खुंटीवरची दुकानाची चावी काढली, हातात घेऊन उभे राहिले. नेहमी स्वतःच्या खिशात टाकतात. आज टाकली नाही, मला दिलीही नाही. म्हणाले, "तारीख कधीची सांगितली?"

"अजून ठरायचीय."

"हं," म्हणाले, आणि चावी हातातच ठेवून जिना उतरले.