गाडी डावीकडे ओढते

रविवार, संध्याकाळ. मस्कत.

इथे गॅरेजात रोज परक्यांच्या गाड्या तपासतो. आज तिकडे घरी बाबा जुनी मोटारसायकल घेत होते आणि मी व्हिडिओ कॉलवर.

गाडी त्यांच्या सातिवलीच्या कंपनीतल्या तांबेकाकांची. मी म्हटलं, "बाबा, एखादा मेकॅनिक न्या." तर हळूच म्हणतात, "अरे, माणूस समोर उभाय. काय वाटेल त्याला?"

मग बाबांनी जूचंद्रच्या रस्त्यावर एक चक्कर मारली. फोन आईच्या हातात. गाडी सरळ जात होती, पण हॅण्डल वाकडं वाटलं. डावीकडे. का आईनेच फोन तिरका धरलेला? जोरात पडलेली गाडी अशी एका बाजूला ओढते. मी तिथे असतो तर हळू चालवून क्षणभर दोन्ही हात सोडले असते, लगेच कळलं असतं. पण बाबांना कसं सांगू? साठीचा माणूस, भर रस्त्यात हात सोडा म्हणून?

"बाबा, परत मारा ना एक." मारली. परत हॅण्डल डावीकडे. परत आईचा हात हलला.

तांबेकाका हसत म्हणाले, "काय मेकॅनिकसाहेब, पास का आमची गाडी?"

आई म्हणाली, "सांग रे लवकर, मला मागे बसायचंय."

नाही म्हणायला माझ्याकडे काय होतं? पास म्हणालो. का म्हणालो?

बाबांनी किक मारली. आई मागे बसली आणि तिने फोन कट केला. गाडीवर फोन नको, हे मीच तिला दर वेळी बजावतो.